घरचं पाणी

रविवार, ४ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसणार होते, पण तू मला ओळखतोस. बसणार होते म्हणता म्हणता चार दिवस गेले. इकडे सगळं ठीक. माझा खोकला गेला. घरमालकीणबाईंनी एकदाचा जिन्यात दिवा लावला, त्यामुळे आता कुलूप चाचपडत उघडावं लागत नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, शेक घे आणि तुझ्या नवऱ्याचं ऐकू नकोस. तू कुणाच्याही दुखण्यावर ‘चाललं की मोकळं होतं’ एवढंच औषध सांगतोस.

कारखान्यात नवीन यंत्र आलंय. मिनिटाला साठ बाटल्या भरतं, झाकण लावतं आणि वर कागद चिकटवतं. त्या कागदावर डोंगर आणि झरा छापलाय. आमच्या आसपास डोंगर सोड, साधा उंचवटाही नाही. मागे टायरचं दुकान आहे आणि पुढे बस धुतात. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच, मी आणि चष्मेवाले. चष्मेवाल्यांना निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली आहेत आणि ते अजून डब्याबरोबर घरून आणलेलं नळाचं पाणी पितात. बाटल्यांच्या ढिगात बसून! मी एकदा छेडलं, तर म्हणाले, “दिवसभर जे तपासतो तेच प्यायलो तर जेवतानाही कामावर असल्यासारखं वाटतं.”

बाबांना हे सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते. जन्मभर लोकांच्या घरी नळ बसवत फिरले आणि स्वतः मात्र विहिरीचंच प्यायले. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या सुट्टीत बाटल्यांचा खोका घेऊन आले होते, आठवतं? तू त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधलास आणि तीन पेले पुढे ठेवलेस. पहिला घोट घेऊन म्हणाले, “हे नळाचं. टाकी नुकतीच धुतलेली दिसते, औषध जरा सढळ हाताने टाकलंय.” दुसरा घेतला आणि लगेच म्हणाले, “हे आपलं.” तिसरं पाणी मात्र कितीतरी वेळ तोंडात घोळवत बसले. वहिनीला वाटलं, आता हरले. मग गिळून म्हणाले, “हे कुणाचंच नाही.”

तू एवढ्यावर थांबशील तर ना! पुन्हा टॉवेल बांधून विहिरीचं आणि बाटलीतलं मिसळून दिलंस. ते म्हणाले, “अर्धं आपलं, अर्धं कुणाचंच नाही. वात्रटपणा पुरे.” मी तोंड फुगवून बसले होते, म्हणून नंतर अख्खी बाटली प्यायले आणि म्हणाले, “पण स्वच्छ आहे हो, पाणबुडे.” लहानपणी बादलीत डोकं घालून बसायची म्हणून पडलेलं ते नाव. आता त्या नावाने हाक मारणारा तू एकटाच उरलास.

तर तू विहिरीबद्दल लिहिलंयस. बुजवून तिथे खोली काढायची, तुझं सामान ठेवायला जागा होईल, विहिरीवरचा पत्रा गंजलाय, कुणी पाय देईल तर आत जाईल. सगळं पटतं मला. बाबांनीच ‘बुजवा’ म्हणून सांगितलं होतं, हेही खरं आहे. तरी माझं ऐकशील तर एवढ्यात नको. उन्हाळा जाऊ दे. भर टाकली तर ती खचते म्हणतात, मग वरची फरशी हलते. कुणा जाणत्या गवंड्याला विचारून घे. शिवाय तुझी पाठ धरलेली, ती धावपळ तुला कशाला हवी? मी पुढच्या महिन्यात येईनच, तेव्हा बोलू.

वहिनीला माझा नमस्कार. शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंना विचारलं म्हणून सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
पाणबुडी

ता. क. भर टाकायला मातीच्या ट्रॅक्टरवाल्याला अजून शब्द दिला नसशील, असं धरून चालते.


शनिवार, १० मार्च

दादा,

या वेळी ‘प्रिय’ लिहिलं नाही. पुढचं वाचल्यावर तो शब्द तुला टोचू नये म्हणून.

तुझं कार्ड काल आलं. तीनच ओळी. ‘विहीर खराब आहे हे तूच सांगितलंस. मग ठेवायची कशाला? गुरुवारी मातीचा ट्रॅक्टर येतोय.’ ते हातात धरून मी तुला फोन लावला. तू “बोल” म्हणालास आणि मी वहिनीच्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला. नंतर वहिनीला एकटीला फोन करून सांगितलं की माझं पत्र दादा वाचेपर्यंत ट्रॅक्टर दारात येऊ देऊ नकोस. तिने का म्हणून विचारलं नाही. ती न विचारणारी आहे म्हणूनच तिला सांगू शकले.

आता लिहिते. विहीर खराब नाही. कधीच नव्हती.

पुन्हा पुन्हा वाचू नकोस, तेच लिहिलंय. आमच्याकडे प्रत्येक पाण्याला नाव आहे. टाकीतलं, गाळलेलं, बाटलीतलं. आणि कारखान्याच्या आवारातल्या बोअरचं, अजून काहीच न केलेलं, ते ‘घरचं’. मालकांनी पूर्वी राहत्या घराच्या मागे बोअर घेतलं, तेव्हापासून चालत आलेला शब्द. रोज सकाळी त्याची एक बाटली भरून तपासायला येते आणि तिच्यावर चिठ्ठी असते, ‘घरचं’ आणि तारीख. तीन वर्षांपूर्वी मी सुट्टीवरून परतताना आपल्या विहिरीचं पाणी घेऊन आले होते. म्हटलं, बाबांची एकदा खोड मोडू, किंवा त्यांना शाबासकी तरी देऊ. टेबलावर बाटली ठेवली आणि वर चिठ्ठी लावली. काय लिहिलं असेन? माझ्यासाठी ते घरचंच होतं.

तेवढ्यात वरून बोलावणं आलं. चष्मेवाल्यांनी पाहिलं, एकाच तारखेच्या ‘घरचं’च्या दोन बाटल्या. त्यांनी दोन्हींचं पाणी तपासणीच्या छोट्या बाटल्यांत घेतलं आणि एकीवर १, दुसरीवर २ घातला. दुसऱ्या दिवशी मी आले, तर एक काळी पडली होती. काळी पडली म्हणजे पाण्यात घाण. दुसरी जशीच्या तशी.

दादा, चूक इथपर्यंत असती तर मी ती चष्मेवाल्यांच्या गळ्यात मारून मोकळी झाले असते. पण मी त्यांना विचारलंच नाही, कोणती कुठली ते. ते शेजारच्या खुर्चीवर बसले होते, हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर. मला विचारावंसंच वाटलं नाही. काळी ती उघड्या विहिरीची, अडाण्यांची. साफ ती आमच्या कारखान्याची. क्षणभर बरंसुद्धा वाटलं मला. ‘कुणाचंच नाही’ म्हणाले होते ना!

मग तुला फोन केला, विहीर खराब आहे म्हणून. बाबांनी तुझ्या हातून घेतला आणि म्हणाले, “नक्की ना गं?” मी म्हणाले, “बाबा, ही तपासणी आहे, टॉवेल बांधून पेले ओळखणं नव्हे.” ते म्हणाले, “तू म्हणतेस म्हणजे असेलच.” ते वाक्य मला त्या वेळी किती गोड लागलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

दीड महिन्याने कारखान्यातलं ‘घरचं’ ओळीने तीन दिवस काळं पडलं. खोदून पाहिलं तर बोअरच्या पाइपला तडा होता, गटाराचं पाणी मुरत होतं. विकायच्या बाटलीत काही गेलं नव्हतं, यंत्र पाणी गाळून जंतू मारून टाकतं. साहेबांनी मला जुनी नोंदवही चाळायला सांगितलं, हे कधीपासून चालू आहे ते बघायला. त्यात त्या दिवसाची नोंद सापडली. चष्मेवाल्यांचं बारीक अक्षर. ‘घरचं १, काळं. घरचं २, साफ. २च्या बाटलीच्या गळ्याला दोरा होता.’

दोरा मीच बांधला होता, बाटली विहिरीत सोडायला. मी त्यांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, “मला वाटलं, तुम्ही विचाराल.”

म्हणजे बघ, स्वच्छ विहिरीवर पत्रा ठोकायला लावून मी बाबांना गटार मुरलेलं पाणी धुऊन-पुसून बाटलीतून पाठवत होते. दर महिन्याला, खोके भरभरून, वर डोंगर आणि झरा छापून.

मी ते सांगायलाच आले होते, खरंच. त्या शनिवारी बसमध्ये वाक्यं जुळवत बसले होते. दारात आले तर अंगणात चर खणलेला आणि बाबा त्यात कमरेपर्यंत उभे, हातात कुदळ. सत्तरीचा माणूस! त्यांच्या डोक्यात बसलं होतं की न्हाणीघराचा पाइप आपणच टाकला, तोच कुठेतरी फुटला असणार, आपल्याच हातच्या कामाने विहीर नासली. मला बघून म्हणाले, “पाइप तर शाबूत आहे गं सगळा. मग गेलं कुठून?” तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण काकू त्यांच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांची नात त्याच वर्षी पोटाच्या आजाराने महिनाभर अंथरुणाला खिळली होती आणि तीही आपल्याच विहिरीचं प्यायची. बाबा चरातूनच त्यांच्याकडे बघून म्हणाले, “माझ्याकडून झालं, वहिनी. पोरीची माफी मागतो.” त्यांनी दार लावून घेतलं.

त्या बंद दाराकडे बघून मी मनाला समजावलं, की आत्ता सांगितलं तर बाबांचाच जास्त पाणउतारा होईल. साफ खोटं. पाणउतारा माझा झाला असता. घरात, आळीत सगळे मला पाण्याची डॉक्टरीण म्हणायचे, मला तेवढं हवं होतं. मी बाबांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं आणि म्हणाले, “राहू द्या आता, बाटल्या आहेत ना.” तू चर बुजवलास.

खात्री करून घेतली मी, ती मात्र चोरून. दुपारी तुम्ही सगळे आडवे झाल्यावर पत्रा सरकवून पाणी काढलं. साफ निघालं. पुढच्या वेळी पुन्हा तसंच केलं, पुन्हा साफ. दोन्ही कागद माझ्या कपाटात कपड्यांच्या खाली आहेत. दर सुट्टीला वाटायचं, या खेपेला सांगू, बाबांची तब्येत जरा सुधारू दे, तुझं काम मार्गी लागू दे. कारणं काय, हवी तेवढी मिळतात. आणि जितका उशीर, तितकं ते सांगणं जड होत गेलं. बाबा गेले तोवर दोन वर्षं, दादा. काकू आपल्याशी बोलायच्या बंद झाल्या त्याला तेव्हा दोन वर्षं, आणि बाबांनी जेवताना पेल्याकडे न बघता पाणी प्यायला सुरुवात केली त्यालाही.

आता त्या दुपारचं. ते लिहिण्याआधी मी उठून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा ओतून दिला.

बाबांनी खाणं सोडल्याचा चौथा दिवस. तू पायांशी, मी उशाशी. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “विहिरीचं आण रे घोटभर.” तू माझ्याकडे पाहिलंस. तोंडाने काही विचारलं नाहीस, पण मला कळलं. एक घोट, आता काय बिघडणार आहे? तुला फक्त माझी मान हलायला हवी होती. आणि मी नाही म्हणून मान हलवली. ते पाणी साफ आहे, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. मी हो म्हटलं असतं तर तू विहिरीवर गेला असतास, आणि परत आल्यावर कधी ना कधी विचारलं असतंस की तेव्हा कसं चाललं? एवढ्यासाठी. मरणाऱ्या माणसासमोर मी स्वतःची अब्रू सांभाळत बसले.

तू बाहेर गेलास. रहाट दोनदा फिरवलास, त्यांना करकर ऐकू यावी म्हणून. मग स्वयंपाकघरात बाटलीतलं पाणी त्यांच्या पितळी तांब्यात ओतून आणलंस आणि म्हणालास, “घ्या बाबा, विहिरीचं.” त्यांनी घोट घेतला, जरा वेळ तोंडात ठेवला आणि म्हणाले, “आपलंच.” तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. त्यानंतर कितीदा मला म्हणालास, “शेवटी मी त्यांना फसवलं गं.”

तू औषध आणायला गेलास तेव्हा ते माझ्याशी बोलले. मी तुला अर्धंच सांगितलं होतं. आज पुरतं सांगते. म्हणाले, “बाटलीतलं होतं. त्याला सांगू नकोस. रहाट फिरवून आला बिचारा.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पाणबुडे, विहीर अजून तशीच का गं?”

मी म्हणाले, “हो बाबा.”

“मग माझ्यामागे बुजवून टाका,” म्हणाले. “कुणाला बाधायला नको.”

यातलं शेवटचं तेवढं मी तुला सांगितलं, आणि त्यावर तू ट्रॅक्टर ठरवलास. ‘त्याला सांगू नकोस’ हे त्यांचं एकच ऐकलं होतं मी. आज तेही मोडते, कारण अकरा महिने तू नको ते ओझं वाहतोयस. तू त्यांना फसवलं नाहीस. तुझं त्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं आणि त्यांनी ते तुझ्यासाठी पोटात घातलं. माझं मात्र त्यांना कळलं नाही. ज्या माणसाला तीन पेल्यांतलं पाणी ओळखता येत होतं, त्याला स्वतःची मुलगी ओळखता आली नाही. त्यांनी मला कधी चाखूनच पाहिलं नाही, सरळ विश्वास ठेवला.

माफ कर, असं लिहिणार होते, पण ते फार स्वस्तातलं मागणं होईल. राग येईल तो येऊ दे. वहिनीच्या समोर बोल, आळीत बोल, मला चालेल. फक्त विहीर बुजवू नकोस. बाबांनी ती तरुणपणी एकट्याने खणली, आई या घरात येण्याच्या आधी. ती नासलेली नव्हती, एवढं तरी तिच्याबाबत खरं राहू दे.

उद्या मी निघत नाही, पुढच्या रविवारी सकाळच्या बसने येते. इतके दिवस बंद आहे, तेव्हा आधी उपसावी लागेल, म्हणून तोवर कुणी पिऊ नका. उपसून झाल्यावर मी बाटली भरून नेईन, पण तपासणार नाही, चष्मेवाले तपासतील. त्यांना मी काल सगळं सांगितलं. त्यांनी डबा बंद केला आणि इतकंच म्हणाले, “चिठ्ठी नीट लिहा.” लिहून ठेवलीय. ‘बाबांनी खणलेली विहीर’, अख्खं, दुसऱ्या कशाचं वाटणार नाही असं.

ते दोन्ही कागद सोबत पाठवते आहे. वाचून झाल्यावर काकूंना दाखवू नकोस, ते माझं काम आहे. बसमधून उतरले की आपल्या दारात येणार नाही, आधी त्यांच्याकडे जाईन. त्यांनी आत घेतलं तर आत, नाहीतर पायरीवर बसेन. तिथून आपलं अंगण दिसतं.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. ‘ये’सुद्धा म्हणू नकोस. नुसता रहाट दोनदा फिरव. मला पायरीवर ऐकू येईल.

‘तुझी’ लिहायचा धीर होत नाही म्हणून नुसतीच,
पाणबुडी